सुरईच्या बुडाला माझं बोट

३ डिसेंबर

डॉक्टरने वही दिली. म्हणाला, आजी, रोज किती पेले साके पिता ते हिच्यात लिहायचं आणि महिन्याने मला दाखवायचं. घरी येऊन बसले आणि एका दमात तीस ओळी ‘एक, एक, एक’ अशा लिहून टाकल्या. महिन्याचं काम उरकलं. ही वही दुसरी. ही कोणाला दाखवायची नाही.

जाता जाता त्याने माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट धरून सुई टोचली. विचारतो, कळलं का? मी म्हटलं, टोचणार कधी आहेस? म्हणाला, टोचून झालं. हात हलका आहे पोराचा. त्याच्या बापाचा नव्हता.

आज एकच पेला. (चवीचे तीन. चव बघणं हे काम आहे, ते पिण्यात धरत नाहीत.)

५ डिसेंबर

समुद्रावर गडगडाट. म्हणजे हाताहाता मासा किनाऱ्याला लागणार. माझ्या साकेच्या दुकानातली सातही स्टुलं भरली.

इवाओ चाळीस वर्षं होडीवर होता. असल्या हवेत दारातूनच ओरडायचा, किनुकाकू, कढत! आज मिशीवर बर्फ घेऊन आला, स्टुलावर बसला आणि खाली बघत म्हणाला, हिया.

हिया! हिया म्हणजे न तापवलेली. फ्रिजमधली नव्हे, बाटली पडवीत जशी उभी आहे तशी. आणि आमच्या पडवीत डिसेंबरात मांजरही बसत नाही. मी म्हटलं, बरा आहेस ना रे? म्हणाला, डॉक्टरने सांगितलंय. शेजारी ओनुमा न्हावी, त्यालाही हिया. म्हणे दात ठणकतात. कोपऱ्यात पोस्टातून रिटायर झालेली तोमोए, तीही हिया. तुला काय झालं विचारलं तर तीही म्हणते, दात. हिचे सगळे दात झोपताना पाण्याच्या पेल्यात असतात.

सातही जणांनी हिया मागितली. पातेल्यातलं पाणी उकळत राहिलं आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. टीव्हीवर कोणा शहाण्याने सांगितलं असणार की तापवून पिणं गावंढळ. गाव मऊ पडलंय.

आज एकच. चवीचे चार. सुरई तापवलेली होती, ओतून द्यायची का?

९ डिसेंबर

वरच्या गल्लीतल्या साकेच्या भट्टीची मालकीण कुमागाईबाई आली. अकरा फेब्रुवारीला भट्टीच्या अंगणात नवी साके उघडतात, सगळा गाव जमतो. तिथल्या सुरया तापवायच्या पाण्याच्या पातेल्याशी अडतीस वर्षं मी उभी असते. दुसरं कोणी नाही. मी सुरईची मान धरून वर उचलते, बुडाला मधलं बोट लावते, आणि बोट सांगतं: झाली. किंवा: अजून नाही. तेवढंच. माझा नवरा जिवंत असताना त्याने माझ्या हातची तापवलेली पिऊन आयुष्यभरात एकच शब्द काढला. ‘हं.’ त्याच्याकडून तो फार होता.

तर कुमागाईबाई म्हणते, मुलाने यंदा यंत्र आणलंय किनुकाकू, वर आकडे दिसतात, सुरई ठेवली की झालं. मी म्हटलं, मग नवी साकेही यंत्रालाच पाजा. ती हसली. म्हणाली, असं करू, जानेवारीत मी दुकानात येते, तुम्ही मला अंगऊब साके पाजा, मग ठरवू.

ठरलेलंच आहे. उगाच मान ठेवायचा म्हणून ‘ठरवू’ म्हणाली. पण समजा पातेलं गेलंच, तर मी त्या अंगणात काय म्हणून उभी राहू? गिऱ्हाईक म्हणून?

संकल्प: उद्यापासून रोज सराव.

१० डिसेंबर

सराव. शाळा मी चौथीत सोडली, मासे चिरायला बसवलं मला. पण साकेच्या उबेची दहा नावं झोपेत म्हणून दाखवीन. बर्फगार, मोहोरगार, झुळूक, मग हिया. पुढे कोवळं ऊन, अंगऊब, कोमट, बेताची, कढत आणि शेवटी भडका. एकेका नावाला एकेक चव. तीच साके बर्फगार असताना तोंड मिटून बसलेल्या नव्या सुनेसारखी लागते आणि अंगऊब झाली की बोलायला लागते. भडक्याला ओरडते.

आज कोवळं ऊन ते बेताचीपर्यंत चार सुरया केल्या. चारही बरोबर. बरोबर आहेत का ते बघायला प्यावं लागतं. मग जरा आडवी झाले.

१४ डिसेंबर

माझी सून हारुए. या घरात बावीस वर्षं आहे आणि अजून पाऊल न वाजवता चालते. आज तिने पातेल्याशेजारी थर्मामीटर आणून ठेवला. आई, सरावाला बरा पडेल, म्हणाली. मी म्हटलं, ठेव, त्याचीही परीक्षा होऊन जाईल.

बोटाने सांगितलं कोमट, म्हणजे चाळीस. थर्मामीटर म्हणतो एकाहत्तर. एकाहत्तरला नावसुद्धा नाही! बिघडलेला. शंभर येनच्या दुकानातला असणार.

१५ डिसेंबर

स्वतः जाऊन चांगल्या दुकानातून दुसरा आणला. हाही बिघडलेला. आणि बरोबर तेवढाच बिघडलेला. आजकाल वस्तू कशा बनवतात बघा, चुकासुद्धा एका साच्यातून काढतात.

मग डॉक्टरने दिलेला काखेत धरायचा लावून बघितला. पस्तीस दोन. अंगऊब म्हणजे पस्तीसच! म्हणजे मी स्वतःच माप आहे. मापाला मापाची गरज नसते. दोन्ही थर्मामीटर लोणच्याच्या डब्यामागे टाकले.

१७ डिसेंबर

आज खरी दाद मिळाली. ओसाकाचा फिरता विक्रेता, जाळ्यांच्या दोऱ्या विकतो, पहिल्यांदाच आला. येऊन म्हणाला, मावशी, अंगऊब द्या. इवाओ त्याच्या बाहीला धरून म्हणाला, अहो, हिया घ्या, हिया. बघा, दुसऱ्याच्या गिऱ्हाईकालाही बिघडवतात. मी म्हटलं, इवाओ, तुझा पेला तू बघ.

बोटाने सांगितलं तेव्हाच काढली. त्या माणसाने एक घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडं ठेवून बराच वेळ छताकडे बघत राहिला. शब्द फुटेना.  अडतीस वर्षांत अशी दाद मिळाली नव्हती. जाताना नीट बोलताही येत नव्हतं त्याला, हातानेच निरोप घेतला.

ओसाकाच्या लोकांना चव कळते. आनंदात तीन. चवीचे वेगळे.

२१ डिसेंबर

सगळ्यात लहान दिवस. युझूची लिंबं टाकून आंघोळीचं पाणी काढलं. बोटाने बघितलं, बेताचं. माझा मुलगा तेत्सुया पाय घालताच किंचाळला, लिंबांसकट बाहेर. दिवसभर रस्त्यावरचं बर्फ उपसायची गाडी चालवणारा पुरुष आणि कातडी काय नाजूक. हारुएने बादलीभर बर्फ आणून टबात ओतलं. नवऱ्याला लाडावते.

२४ डिसेंबर

हारुएला अचानक माझ्या गुडघ्यांची काळजी लागली. आई, तुम्ही पातेल्याशी बसा, सुरया मी नेऊन देते. बरं म्हटलं. तर ही सुरई घेते आणि सरळ गिऱ्हाईकापुढे न ठेवता आधी स्वयंपाकघरात जाते! मी म्हटलं, काय गं? म्हणे, पुसते. पुसते! मी काय सुरया मातीत लोळवते? आणि पुसायला लागतो किती वेळ, एक अख्खं गाणं रेडिओवर संपतं. माझी सासू असती तर… असो. माझी सासू नाही म्हणून तर मी इतकी जगले.

२७ डिसेंबर

लिहून ठेवते: आज इवाओने तापवलेली मागितली.

झालं असं. हारुए त्याच्यापाशी जाऊन काहीतरी पुटपुटली. तो म्हणाला, खरं? ती म्हणाली, घेऊन तर बघा. मग त्याने मोठ्याने सांगितलं, काकू, एक कोमट होऊ द्या. प्यायला. पेल्यात बघितलं. परत प्यायला. म्हणाला, अरेच्चा! मग न्हाव्याचे दात बरे झाले, मग तोमोएचे. सातांतले सहा तापवलेलीवर आले. सातवा झोपला होता.

सरावाचं फळ. माणूस या वयातही सुधारतो, फक्त कामाची लाज नको. हारुएने काय सांगितलं असेल ते मला माहीतच आहे: आमच्या आईंचा सराव चाललाय म्हणून. बाई मंद आहे, पण कदर आहे.

३० डिसेंबर

वर्षाअखेरची साफसफाई. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कट्ट्यावर हातभर बर्फ साचलंय आणि त्यात ओळीने गोल गोल भोकं. सात. एकसारखी, तळाशी गुळगुळीत. मुंगसासारखं काहीतरी असणार, नाक खुपसून जातं. हारुएला दाखवलं तर ती खिडकी पुसायला लागली. पुसण्याचं वेडच लागलंय हिला. भोकांपाशी सुका मासा ठेवून सापळा लावला.

१ जानेवारी

संकल्प. एक: रोज एकच पेला. दोन: चवीचे दोनच. तीन: हारुएला टाकून बोलायचं नाही.

दुपारपर्यंत एक आणि दोन मोडले, सण आहे. तीन मोडायला संध्याकाळ लागली. तिने सापळा उचलून ठेवला होता, म्हणे माझी बोटं अडकली त्यात. मी म्हटलं, मुंगसासाठी लावलेल्या सापळ्यात बोटं घालायला तू काय मुंगूस आहेस?

१७ जानेवारी

कुमागाईबाई येऊन गेली. मुलालाही घेऊन आली होती, तो टोकियोचा कोट घालून. सगळं दुकान कान देऊन. मी सुरई पाण्यात सोडली. उचलली, बोट लावलं. अजून नाही. परत. अजून नाही. कुमागाईबाई म्हणाली, काकू, वाफ येतेय बरं. मी म्हटलं, वाफेला बोट नसतं. तिसऱ्यांदा बोट म्हणालं, झाली.

हारुएने झडप घालूनच नेली. आज पुसायला दोन गाणी. परीक्षेच्या दिवशी! मी दात खात बसले. मग आणून ठेवली. कुमागाईबाईने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, अंगऊब. अगदी अंगऊब. मुलाने खिशातून आपला थर्मामीटर काढून बुडवला आणि म्हणाला, पस्तीस पूर्णांक पाच. मी म्हटलं, तुझा चांगला आहे, कुठून घेतलास?

पातेलं माझं! एकोणचाळिसावं वर्ष! इवाओने टाळ्या वाजवल्या, पण हारुएकडे बघून. दारूत माणसाला दिशा कळत नाही. आणि हारुए आतून आली तर कोपरापर्यंत बाहीला बर्फ. घरात बसून हिला बर्फ लागतं कुठून, कोण जाणे.

आज मोजले नाहीत.

३ फेब्रुवारी

भुतं हाकलायला दाणे टाकले. मग आपल्या वयाइतके दाणे खायचे असतात. एकोणऐंशी खायचे होते, साठावर थांबले. माझं वय मला तेवढंच वाटतं.

हारुए दाणे वेचता वेचता म्हणाली, आई, अकराला मी येऊ का भट्टीवर? सुरया पुसायला. मी म्हटलं, माझ्या पातेल्याशेजारी मी कोणाला उभं करत नाही, आणि गावासमोर तुझं ते पुसणं तर नकोच नको. तिने आणखी चार दाणे वेचले. मग विचारते, त्या अंगणातलं बर्फ साफ केलेलं असतं का हो? मी म्हटलं, लख्ख. एक कण नसतो. तर बाईचं तोंडच उतरलं. बर्फाचं एवढं प्रेम असेल तर नवऱ्याच्या गाडीवर जाऊन बस म्हणावं.

१० फेब्रुवारी

उद्यासाठी धुतलेलं एप्रन इस्त्री केलं. नखं कापली. झोपण्याआधी एकच पेला, खरोखर एकच. चवीचे धरून पाच.

११ फेब्रुवारी

दमले. उद्या लिहीन. विस्तव फार होता.

१२ फेब्रुवारी

विस्तव फार होता. लाकडं ओली होती, त्याने विस्तव भडकतो. सुरया नव्या होत्या, बुडाला पातळ. वारा समुद्राकडून होता. पाणी विहिरीचं होतं, घरी मी नळाचं घेते. यातलं एक जरी नसतं तर काही झालं नसतं.

पहिला पेला नगराध्यक्षांना. घोट घेतला आणि भाषणच विसरले. ‘बंधू आणि’ म्हणाले, आणि पुढे नुसती वाफ. लोकांना वाटलं भावना दाटून आल्या. मलाही वाटलं. दुसरा पेला शाळेच्या हेडमास्तरीणबाईंना. त्यांनी पेला सोडला, तो फुटला. मग माझ्यापुढची रांग सरकायला लागली. पुढे नाही, बाजूला. शेजारच्या बाकावर भट्टीचा माणूस बाटलीतून तशीच ओतून देत होता. सगळे म्हणायला लागले, हिया. हिया द्या. आम्हाला हिया. बाळंत होऊन महिना न झालेली पोरगी कडेवर बाळ घेऊन, तीही म्हणते, हिया, नुसती ओठाला.

माझ्यापुढे इवाओ एकटा. म्हणाला, काकू, मला द्या. दिली. त्याने हातात धरली आणि फुंकत बसला. अर्धा तास फुंकत होता. मी म्हटलं, पितोस का नाही? म्हणाला, नवी साके आहे काकू, घाई कशाला.

मग कुमागाईबाई आली. तिने सुरई उचलायला हात लावला आणि मागे घेतला. मग माझा हात धरला. म्हणाली, काकू, हे दुखत नाही? मी म्हटलं, काय? तिने माझंच बोट मला दाखवलं. नखापासून पेरापर्यंत फोड आलेला, करवंदाएवढा. मला दिसला तेव्हा कळला.

 तिचा मुलगा आत जाऊन यंत्र घेऊन आला.

१३ फेब्रुवारी

बोटाला पट्टी. डॉक्टरने परत सुई काढली. मी म्हटलं, राहू दे.

घरी आले तेव्हा हारुए माशांच्या बाजारात गेली होती. स्वयंपाकघरात गेले. खिडकी उघडली. कट्ट्यावरच्या बर्फात दहा तारखेची भोकं होती तशीच, अकरापासून दुकान बंद म्हणून नवी नव्हती. एक सुरई घेतली आणि पहिल्या भोकात ठेवली.

बरोबर बसली. मानेपर्यंत.

दुसऱ्यातही बसली. सातही बघितली. मुंगूस नव्हतं.

सुरई धुऊन जागेवर ठेवली. पुसूनही ठेवली. हारुए आली तेव्हा म्हणाली, आई, खिडकी उघडी राहिली होती का? मी म्हटलं, वाऱ्याने.

१४ फेब्रुवारी

पट्टीवाल्या बोटाने पातेल्यात काय हात घालायचा. हारुएला म्हटलं, आजच्या दिवस तू बस. आजच्या दिवस. तिने एप्रन बांधलं आणि बसली. बोट लावत नाही ती. सुरईच्या गळ्याकडे बघत राहते. साके गळ्यात चढायला लागली की काढते. एवढंच? मी म्हटलं, हे कोणी शिकवलं? म्हणाली, तुम्हीच, आई. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात. असेलही. तेव्हा मी बरंच काही सांगत असे.

न्हावी आला नव्हता. त्याच्या स्टुलावर बसले. त्या बाजूने माझं दुकान मी पहिल्यांदाच बघितलं. कपाट वाकडं आहे. कोणी सांगितलं नाही कधी.

हारुए म्हणाली, आई, तुम्हाला कशी देऊ?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंगऊब म्हणाले असते तर तिने अगदी अंगऊब दिली असती, ते मला माहीत आहे. आणि मग मला ‘हं’ म्हणावं लागलं असतं.

मी म्हटलं, हिया.

तोमोए खोकली. इवाओने आपल्या पेल्यात तोंड घातलं. हारुए पडवीत गेली, बाटली आणली आणि ओतली.

फेब्रुवारीतली पडवी. पहिल्या घोटाला कपाळ दुखलं, दुसऱ्याला दात वाजले. छातीपर्यंत गार दोरी सोडल्यासारखं. आणि हे असलं ही माणसं डिसेंबरभर पीत होती, मिशीवर बर्फ घेऊन, माझ्या तोंडावर ‘डॉक्टर’ आणि ‘दात’ म्हणत.

इवाओ म्हणाला, कशी आहे काकू?

मी म्हटलं, बरी आहे. दाताला चांगली.

आज एक. खरंच एक. दुसरा पेला कोण पिणार तिचा.